मैफलीचे फोटो काढताय? या चुका टाळा

जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव झाला, की नवी मुलं फोटो दाखवायला येतात. चेहरा निळाजांभळा, कपाळ पांढरंफटक. प्रश्न मात्र ठरलेला: "सर, कुठली लेन्स घेऊ?" लेन्सचं नंतर बघू.

सायलेंट शटरची चूक मी स्वतः केलीय, म्हणून ती सविस्तर सांगतो. मिररलेस कॅमेरा नवा होता, ख्यालाची मैफल होती, पहिल्या रांगेत जाणकार मंडळी. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं आणि चारेकशे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास. घरी मोठे करून पाहिले, तर गायिकेच्या गालावरून थेट तानपुऱ्याच्या भोपळ्यापर्यंत आडवे काळपट पट्टे. एलईडी आपल्याला स्थिर वाटतो, पण तो सतत लुकलुकत असतो. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, ओळीओळीने वाचतं. दिवा मंद असताना वाचलेल्या ओळी काळ्या पडतात. ती मैफल परत मिळाली नाही.

तेव्हापासून मेकॅनिकल शटरच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/१०० सेकंदावर ठेवलं की बहुतेक पट्टे जातात. स्टेजच्या काही एलईडींची गत वेगळी असते. त्यासाठी मी साउंडचेकलाच पोचतो, प्रत्येक रंगाच्या उजेडात एकेक फोटो काढतो आणि झूम करून तपासतो. आणि क्लिकचा आवाज? आलापी चालू असताना बटणाला हातच लावायचा नाही. तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) घेऊन सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली, लोकांनी दाद दिली, की क्लिक. त्यासाठी गाणं ऐकावं लागतं. मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्याला सम कधी आली ते कळत नाही.

दुसरी चूक ऑटो मोडची. मागे काळा पडदा असला की कॅमेऱ्याला सगळाच अंधार वाटतो. तो उजेड वाढवतो आणि चेहरा जळतो. मॅन्युअल लावा. माझी सुरुवात एफ/२.८ (लेन्सचं तोंड; आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/१०० आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० इथून होते. मग चेहरा पाहून कमीजास्त. तबलजीची बोटं गोठवायला १/५०० लागतं, तिथे पट्टे पुन्हा तपासा. यूट्यूबवरून पाठ केलेले आकडे आपल्या मंडपात चालतीलच असं नाही.

आयएसओला घाबरू नका. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला नाही.

लाल-निळ्या उजेडात रॉ मध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, रंग नंतर सुधारता येतात) काढा आणि एक्स्पोजर जरा कमी ठेवा.

फ्लॅश बंद. फोकसचा मदतदिवाही बंद, तो थेट गायकाच्या डोळ्यात जातो.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर अडून बसू नका. ५० एमएम एफ/१.८ स्वस्तात मिळते.

सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा गावच्या उघड्या मैदानावर अहिराणी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा असेल, तर तिथे लेन्स बदलू नका. लोक नाचायला लागले की स्टेजच्या उजेडात धूळ तरंगताना दिसते, तीच सेन्सरवर बसते. मी घरूनच एक लेन्स लावून निघतो आणि रात्रभर तीच ठेवतो.