पहिला खेळ कुठे करावा: गोव्यातील नवोदित चित्रपटकर्त्यांसाठी

2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरू लागला आणि जागतिक सिनेमा गोमंतकीय मुलांच्या आवाक्यात आला. मात्र महोत्सव पाहणे निराळे आणि आपला चित्रपट महोत्सवांत नेणे निराळे. संकलन, सबटायटल्स, डीसीपी (चित्रगृहात दाखवायची डिजिटल प्रत) हे सारे तुम्हाला ठाऊक असेलच. मी प्रीमियरविषयीच, म्हणजे चित्रपटाच्या पहिल्या जाहीर खेळाविषयीच लिहितो, कारण आमच्या चित्रपटाला फटका तिथेच बसला आणि ती सल अजून गेलेली नाही.

व्हेनिस महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेसाठी जागतिक प्रीमियर लागतो, म्हणजे त्याआधी चित्रपट कुठेही जाहीरपणे दाखवलेला चालत नाही. बर्लिन महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत मायदेशी दाखवलेला चित्रपट चालू शकतो, परंतु परदेशात दाखवलेला चालत नाही. त्यामुळे परदेशातील एखाद्या अनोळखी महोत्सवाचे निवडपत्र आले, आपण हरखून होकार कळवला आणि तिथे खेळ झाला, की ही दोन्ही दारे त्याच दिवशी बंद होतात आणि कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाहीत. आम्हाला एका ज्येष्ठांनी ‘मिळेल तिथे दाखवा’ असेच सांगितले होते. नियमावली न वाचता सल्ला देणाऱ्या मार्गदर्शकापासून दूर राहा, मग त्याचे नाव कितीही मोठे असो. यूट्यूबवर सर्वांसाठी खुला केलेला लघुपटही अनेक ठिकाणी बाद होतो.

घाबरून मात्र जाऊ नका. निवड समितीला पासवर्ड लावलेली लिंक पाठवणे म्हणजे जाहीर प्रदर्शन नव्हे. एनएफडीसीने (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने) 2007 मध्ये सुरू केलेल्या फिल्म बाजार या चित्रपट-व्यवसायाच्या मेळ्यातील व्ह्यूइंग रूममध्ये खरेदीदार आणि महोत्सवांचे निवडकर्ते चित्रपट खासगीत पाहतात, तेव्हा तिथेही प्रीमियर शाबूत राहतो. चित्रपट अपुरा असेल तर तिथल्याच वर्क-इन-प्रोग्रेस लॅबसाठी अर्ज करा. जाणत्या संकलकाने कच्च्या प्रतीवर दिलेले खरे मत मला कोणत्याही मानचिन्हापेक्षा मोलाचे वाटते. शुल्क घेऊन दरमहा पारितोषिके वाटणाऱ्या स्पर्धांवर तर एक रुपयाही घालवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या भूमीतला सिनेमा दूरवर पोहोचतो, याविषयी शंका नको. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पलतडचो मुनीस’ या कोंकणी चित्रपटाने 2009 मध्ये टोरांटो महोत्सवात समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळवला होता.

राष्ट्रीय पुरस्कारांचे गणित याहून वेगळे आहे. तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राचे वर्ष धरले जाते, म्हणून डिसेंबरअखेरीस घाईने प्रमाणपत्र घेण्यापूर्वी त्या वर्षाची प्रवेशिका आपल्याला वेळेत पाठवता येईल का, हे आधी पाहून घ्या.