घाटात सोबत्याची चुकामूक टाळण्यासाठी

दोन मोटारसायकलींवरून घाट उतरताना मागचा सोबती वळणाआड दिसेनासा होतो, मोबाईलला रेंज नसते आणि नेमकी फाट्यावर चुकामूक होते. यावर उपाय असा, की पुढच्याने सतत मागे वळून पाहत बसू नये, मात्र प्रत्येक फाट्यावर थांबावे आणि मागच्या गाडीचा दिवा आरशात दिसल्यावरच पुढे निघावे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा रस्ता फुटतो. अशी ठिकाणे दोघांनी निघण्यापूर्वीच नकाशावर पाहून ठरवून ठेवावीत. एप्रिल 2017 नंतरच्या गाड्यांचा हेडलाइट आपोआप चालूच असतो. जुनी गाडी असल्यास तो दिवसाही लावावा.

ज्याचा वेग कमी, त्याला पुढे ठेवावे, कारण मागे पडलेला माणूस गाठण्याच्या नादात वळणावर वेग वाढवतो. (हौशी मंडळींना हे सहसा पटत नाही.) दहा मिनिटांत दिवा दिसला नाही, तर पुढच्याने मागे फिरावे; गाडी बंद पडलेल्याने जागा सोडू नये.

थांबताना वळणावर किंवा दरीकडच्या साइडपट्टीवर गाडी लावू नये. पावसाळ्यात तिथली भुसभुशीत माती साइड स्टँडखाली खचते आणि गाडी आडवी होते.