थीम पार्कमध्ये जवळच्या पार्किंगचे जादा पैसे कधी भरावेत?

मुलगा किंवा लेक अमेरिकेत, मे महिन्याची सुट्टी, आणि सोबत आई-बाबा. मुलुंड-ठाण्याच्या, पार्ल्याच्या कितीतरी घरांचा ऑर्लँडोचा बेत असाच ठरतो. भाड्याच्या गाडीने डिस्ने वर्ल्डला पोहोचलं की टोलनाक्यासारख्या बूथवर पहिला प्रश्न येतो, साधं पार्किंग की प्रिफर्ड, म्हणजे जादा पैशांत मिळणारं जवळचं? मागे गाड्यांची रांग असते, विचार करायला वेळ नसतो. म्हणून हा निर्णय घरूनच घेऊन निघा.

आधी बघा, पैसे भरायचे आहेत का. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरला असाल तर पार्कचं साधं पार्किंग तुम्हाला मोफत आहे, शिवाय हॉटेलची बसही आहे. बाहेरच्या हॉटेलात असाल तर हिशेब करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये साध्या पार्किंगचा दर २५ वरून ३० डॉलर झाला. तेव्हा प्रिफर्ड ४५ डॉलरपासून सुरू होत होतं आणि गर्दीच्या दिवशी आणखी चढत होतं. म्हणजे एका दिवसाचे निदान १५ डॉलर जास्त. दर बदलत राहतात, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात डिस्नेच्या साइटवर एकदा पाहून घ्या.

आता खरा मुद्दा. या जादा पैशांत चालणं वाचतं. आत गेल्यावरच्या राइडच्या रांगा मात्र तेवढ्याच राहतात. आणि किती चालणं वाचेल, हे डिस्ने वर्ल्डमधल्या कोणत्या पार्कला जाता यावर अवलंबून आहे.

मॅजिक किंगडमचंच घ्या. सगळे पहिल्या दिवशी तिथेच जातात. पण त्याचं पार्किंग पार्कला लागून नाही, मध्ये तळं आहे. गाडी लावायची, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीने पलीकडे जायचं. गोराईच्या वॉटर किंगडमला मार्वेहून गेला असाल तर लगेच कळेल. गाडी जेट्टीच्या कितीही जवळ लावा, खाडी ओलांडायला बोटच लागते. रात्री आतषबाजी संपल्यावर परतणाऱ्यांची मोनोरेलची रांगही सगळ्यांना सारखीच. म्हणून मॅजिक किंगडमला प्रिफर्ड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट त्या दिवशी डिस्नेच्या हॉटेलची बस मिळत असेल तर तीच धरा. ती थेट पार्कच्या दारापाशी सोडते, तळं ओलांडावं लागत नाही.

एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजचं तसं नाही. तिथे पार्किंग प्रवेशद्वारासमोरच पसरलेलं आहे आणि प्रिफर्डच्या ओळी पुढच्या. या दोन ठिकाणी पैसे वसूल होतात.

मग सोबत कोण आहे ते बघा. माझ्या आईचे गुडघे दुखतात. भाड्याची व्हीलचेअर मिळते ती प्रवेशद्वारापाशी, म्हणजे पार्किंगमधल्या ट्रॅमने गेलं तरी त्याआधीचं आणि नंतरचं चालणं तिला चुकणार नाही. दिवसभर उन्हात फिरल्यावर रात्री परत तेवढंच. अशा वेळी १५ डॉलरकडे बघू नका, आईच्या चेहऱ्याकडे बघा. तान्हं बाळ असेल तरी हेच सांगेन. जूनपासून फ्लोरिडात दुपारी विजांसह पाऊस कोसळतो, तेव्हाही जवळ असलेली गाडी कामी येते.

सगळे धडधाकट असतील तर एक साधा उपाय आहे: लवकर पोहोचा. गाड्या कर्मचारी दाखवतील तशा ओळीने लावायच्या असतात. त्यामुळे पार्क उघडायच्या आधी पोहोचलेल्यांना साध्या दरातही बऱ्यापैकी पुढची जागा मिळते. अकरा-बाराला पोहोचणाऱ्यांनाच लांब जावं लागतं.

मुंबईतून निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये जाऊन कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर ते मुळात बंदच असतात. बूथवर कार्ड नाकारलं गेलं तर मागची रांग खोळंबते, म्हणून थोडी रोख रक्कमही हाताशी ठेवा.

प्रिफर्ड घ्यायचं ठरलं असेल तर बूथवर पोहोचलात की नुसतं ‘प्रिफर्ड’ म्हणा, आणि जागा शिल्लक आहे का ते पैसे देण्याआधी विचारा. पावती जपा. त्याच दिवशी डिस्नेच्या दुसऱ्या पार्कला गेलात तर पुन्हा पैसे पडत नाहीत. गाडी लावली की ओळीच्या पाटीचा फोटो काढा. मॅजिक किंगडमला विभागांना पात्रांची नावं आहेत, सिंबा, अलादीन, जफर अशी. मुलांना नाव पाठ करायला सांगा, पण क्रमांकाचा फोटो तुमच्या फोनमध्ये हवाच. भाड्याच्या पांढऱ्या गाड्या रात्री सगळ्या सारख्याच दिसतात.

ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सलच्या जुन्या दोन पार्कांना मोठ्या बहुमजली इमारतींत पार्किंग आहे आणि तिथून सरकत्या पट्ट्यांवरून सिटीवॉक या दुकानं-रेस्टॉरंटांच्या भागातून जायचं असतं. थोडं चालणं सगळ्यांनाच आहे, त्यामुळे तिथे मी साधंच घेईन. फक्त संध्याकाळी फिरायला जाणार असाल तर सहानंतर जा, काही खास कार्यक्रमांच्या रात्री सोडल्या तर साधं पार्किंग तेव्हा मोफत असतं.