पोरांना आभाळ दाखवायच्या आधी

सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा, संकेतस्थळं मागाहून. गोव्यात जून ते सप्टेंबर आभाळाचं तोंड दिसत नाही. ते महिने नेटवर काय काय आहे ते चाळायला ठेवायचे आणि तुळशीचं लग्न लागलं की अंगणात उतरायचं. चंद्र दाखवायचा असेल तर शुद्ध पंचमी ते अष्टमीतली संध्याकाळ धरा. तेव्हा विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि साध्या बायनॉक्युलरमधूनही ती उठून दिसतात. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे नुसता पापड. ताऱ्यांसाठी अमावास्येजवळची रात्र वेगळी ठेवा, दोन्ही एकाच दिवशी उरकू नका. चवथीला मात्र चंद्राचं नाव काढायचं नाही, घरातल्या आज्या पोरांना बाहेरच सोडणार नाहीत.

मग स्टेलॅरियम, म्हणजे पडद्यावर आभाळ दाखवणारा प्रोग्राम. ते फुकट आहे आणि लॅपटॉपवर एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. सत्तरीकडच्या गावात संध्याकाळी नेटच्या भरवशावर कार्यक्रम ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. उतरवल्याबरोबर आपलं ठिकाण भरा: अक्षांश १५.५ उत्तर, रेखांश ७४ पूर्व. पहिल्या वर्षी मी नेमकी हेच विसरले आणि पडद्यावर पॅरिसचं आभाळ तसंच राहिलं. हात ताठ लांब केला की मूठ म्हणजे साधारण १० अंश, हे माप मी मुलांना शिकवलं होतं. पडद्यावर ध्रुवतारा जवळजवळ पाच मुठी वर, म्हणून सगळी पोरं माना वर करून शोधत बसली. आपल्याकडे तो असतो जेमतेम दीड मूठ, टेकडीवरच्या काजूंच्या आड. तेवढ्यात एकीनं विचारलं, "बाई, अगस्ती कुठे गेला?" पॅरिसहून अगस्तीचा तारा कधी दिसतच नाही! आपल्याकडे फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला दोन मुठींवर तो लखलखत असतो, पुण्या-मुंबईपेक्षा थोडा वरच. तेव्हापासून ठिकाण भरलं की नाही हे मी आदल्या दिवशी दोनदा बघते.

यानांसाठी नासाचं 'आइज' बघा. कुठलं यान आत्ता कुठे आहे ते त्यात फिरवून दाखवता येतं, पण नेट चांगलं लागतं, म्हणून ते दिवसा शाळेतच उरका. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ शोधून द्या आणि सांगा, त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगानं निघाला तरी इथे पोचायला २३ तासांहून जास्त लागतात. पाचवीच्या मुलांना हे पटायला वेळ लागतो. लागू दे. चंद्रयान-३ उतरलं त्या २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळचा इस्रोचा व्हिडिओ मोबाईलमध्ये आधीच साठवून ठेवा. शेवटची काही मिनिटंच दाखवा, अख्खा दाखवलात तर मागचा बाक झोपतो.

नासाचं 'स्पेस प्लेस' मुलांसाठीच आहे, पण इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. ते आपण वाचायचं आणि मुलांना मराठीत सांगायचं. शब्द अडला तर मराठी विश्वकोश नेटवर आहे. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आणि टाकाऊतून करायची खेळणी फुकट मिळतात. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीची छायाचित्रं दाखवणार असाल तर "हे रंग खरे आहेत का?" याचं उत्तर तयार ठेवा, कारण ते विचारणारच. ती दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, तो डोळ्यांना दिसत नाही. रंग मागाहून दिलेले असतात.

सूर्यमालेसाठी मात्र पडदा बंद करा. तिथे सगळे ग्रह खेटून बसलेले दिसतात आणि ते डोक्यातून काढायला पुढे वर्ष जातं. २० सेंटिमीटरचा असोला नारळ घ्या, तो सूर्य. पृथ्वी मोहरीचा मोठा दाणा, नारळापासून २१ मीटरवर. चंद्र त्या मोहरीपासून साडेपाच सेंटिमीटर. गुरू सुपारीएवढा, ११० मीटरवर. नारळ देवळाच्या पायरीवर ठेवला तर नेपच्यून साडेसहाशे मीटरवर, म्हणजे आमच्या तिठ्याच्याही पलीकडे जातो. नारळ लहान-मोठा असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमच्या संकेतस्थळावर सूर्याचं माप घातलं की बाकीची अंतरं काढून मिळतात. मोहरी दोन-चार जास्त न्या, हरवतेच.

अंतराळ स्थानक कधी दिसणार ते नासाच्या 'स्पॉट द स्टेशन'वर बघून वेळ, दिशा आणि उंची कागदावर उतरवून घ्या. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीची फेरी मारतं. न लुकलुकता सरकणारा ठिपका, आणि कधी भर आभाळातच विझतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "पडलं, पडलं!" असा गलका होतो.

राहिलं किरकोळ: बॅटरीवर बांधायला लाल जिलेटिन कागद, रबर, ताडपत्री, ओडोमॉस. डोळे काळोखाला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, तेव्हा मोबाईल पालकांकडे. आणि देवळामागचा मोठा दिवा कोण मालवणार, त्याचं नाव यादीत लिहून ठेवा. किल्ली कोणाकडे असते, तेही.