रावेरचा मित्र ड्रेस्डेनला येतो तेव्हा

परदेशात शिकायला येऊन वर्ष होत नाही तोच गावाकडून फोन येतो, "काय भो, येऊ का तिकडे?" मी अमळनेरचा, ड्रेस्डेनला मास्टर्स करतोय. मला फोन आला तो रावेरहून. जळगावला शिकताना आम्ही एकाच खोलीवर राहायचो. पुढे मी जर्मनीला आलो आणि तो घरच्या केळीत उतरला. ब्लॉक्ड अकाउंट (वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कम काढायची, असं खातं) कसं उघडायचं, हॉस्टेल कसं मिळवायचं, याची माहिती नवीन पोरांना कुठेही मिळते. मित्र येणार म्हटल्यावर काय करायचं, ते मात्र कोणी नीट सांगत नाही.

सगळ्यात आधी तारखा ठरवा, कारण बाकीचं सगळं त्यावर अडतं. इथे उन्हाळी सत्राची लेक्चर्स जुलैच्या मध्यापर्यंत चालतात, मग परीक्षा, आणि ऑक्टोबरात पुन्हा नवं सत्र. म्हणजे आपल्याला खरी सवड ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर. तिकडे केळीवाल्याची गणितं वेगळी. एप्रिल-मे-जूनमध्ये माल निघत असतो, जून-जुलैत मृगबागेची लागवड, मग पुन्हा ऑक्टोबरच्या आसपास कांदेबाग, म्हणजे केळीचीच दुसरी लागवड. दोघांची सवड जुळली ती सप्टेंबरात. तरी "पोळा केल्याशिवाय घरातून पाय निघणार नाही" हे त्याने बजावलं होतंच. डिसेंबरात कोणाला बोलावू नका. ख्रिसमसचे बाजार सुंदर असतात, पण दुपारी चारला अंधार पडतो आणि ज्याने मे महिन्यात भुसावळला 45 अंश सोसलेत त्याची इथल्या थंडीत पार दैना होते.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. फी 90 युरो, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान 30,000 युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. एवढं उशिरा मात्र करूच नका. आपल्याकडून त्याला द्यायचं ते आमंत्रणाचं पत्र, रेसिडेन्स परमिटची आणि पासपोर्टची प्रत, विद्यापीठात नाव असल्याचा दाखला आणि तो कुठे राहणार ते. "तूच खर्चाची हमी दे ना" असं घरून सुचवतील. जर्मनीत तशी औपचारिक हमी असते, पण ती देणाऱ्याला उत्पन्न दाखवावं लागतं. पार्ट-टाइम काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं ते बहुधा पुरत नाही. त्यापेक्षा येणाऱ्याने स्वतःचेच कागद भक्कम करावेत.

इथेच शेतकऱ्याच्या पोराचं घोडं अडतं. नोकरदाराकडे सॅलरी स्लिप असते, रजेचं पत्र असतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये आकडा फारसा दिसत नाही. आमच्या रावेरवाल्याने डिजिटल सहीचा सातबारा काढला, इंग्रजीत भाषांतर करून घेतला, केळीचे पैसे ज्या खात्यात जमा होतात त्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट लावलं, मालाच्या पावत्या जोडल्या आणि वर एका पानाचं पत्र लिहिलं: बाग कुठे आहे, किती खोडं आहेत, ऑक्टोबरात कांदेबाग लावायला मला परत येणं का भाग आहे. व्हिसा देणाऱ्याला "हा माणूस परत जाणार का" एवढंच बघायचं असतं. कांदेबाग हे त्याचं चोख उत्तर आहे, असं माझं मत.

मग पिशव्यांचा विषय. आईने त्याच्याजवळ काय काय दिलं असतं हे मी सांगायला नको. पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येताना सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याचं काहीही नको. ताजी फळं, भाज्या, रोपं यांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, म्हणून कढीपत्ता नको आणि भरताची वांगीही नकोत. या नियमातून पाच फळं मात्र सोडलेली आहेत: अननस, नारळ, डुरियन, खजूर आणि केळी! हे वाचून दाखवल्यावर तो फोनवर नुसता हसत सुटला. "म्हणजे जळगावच्या केळीला व्हिसा लागत नाही, मला लागतो." आणली मग त्याने एक फणी, वर्तमानपत्रात गुंडाळून. इथल्या सुपरमार्केटात लॅटिन अमेरिकेची जाड सालीची केळी मिळतात. ती हातात घेऊन तो बराच वेळ किंमत, जात आणि पॅकिंगवर बोलत राहिला. खोक्याची रचना, आतला प्लॅस्टिकचा कागद, फण्या कशा उपड्या ठेवल्यात, सगळ्याचे फोटो काढले. रांगेतली आजी आमच्याकडे बघत होती. कळण्याचं पीठ, कोरडे मसाले, बिबड्या, केळीचे वेफर्स यांना अडचण नाही.

भरीत आम्ही इथल्याच वांग्यांचं केलं. ओव्हनमध्ये भाजलं, त्यामुळे काटक्यांवरच्या भाजणीची चव आली नाही ती नाहीच. हॉस्टेलच्या किचनमध्ये छताला धुराचा अलार्म असतो, म्हणून मिरच्या परतायला घेण्याआधी खिडक्या उघडा आणि दार लावून घ्या. रात्री दहानंतर आवाज नको. पाहुणा किती रात्री ठेवता येतो हे हॉस्टेलच्या नियमांत बघून घ्या, शंका असेल तर हाउसमास्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याला, ईमेल टाका. लेखी उत्तर जवळ असलेलं बरं.

पैशांचं बोलणं तो विमानात बसायच्या आधीच उरकलं पाहिजे. पाहुण्याला खिशात हात घालू द्यायचा नाही ही आपली रीत. पण ब्लॉक्ड अकाउंटमधून विद्यार्थ्याला महिन्याला 992 युरो मिळतात आणि भाडं, विमा, खाणं त्यातच. आमचं असं ठरलं: राहणं आणि घरचं जेवण माझं, प्रवास आणि तिकिटं त्याची, बाहेरचा चहा ज्याचा हात आधी पोचेल त्याचा. पहिल्या दिवशी त्याने प्रत्येक किमतीला मनातल्या मनात रुपयांनी गुणलं. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. ते सगळ्यांचंच होतं, चिडू नका.

डॉइचलँडटिकीट हे पाहुण्यासाठीही सगळ्यात कामाचं. 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून 63 युरो आहे. देशभरातल्या ट्राम, बस, एस-बान (उपनगरी गाड्या) आणि रिजनल गाड्या त्यात येतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या येत नाहीत. मेख अशी की ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं आणि वर्गणीसारखं चालू राहतं. त्यामुळे मित्र 20 ऑगस्टला येऊन 10 सप्टेंबरला गेला तर दोन तिकिटं पडतात, आणि 2 तारखेला येऊन 25 ला गेला तर एकच. महिनाअखेरीस बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करावं लागतं. विमानाचं बुकिंग करण्याआधी एवढं लक्षात घ्या. फ्रँकफर्टला उतरणार असेल तर तिथून ड्रेस्डेनच्या आयसीईचं तिकीट वेगळं काढायचं, आणि लवकर काढायचं. ज्या कागदी तिकिटांवर शिक्का लागतो ती प्रवासाआधी मशीनमध्ये घालून घ्या. विनातिकीट धरलं तर 60 युरो दंड आहे, आणि "नवीन आहे" हे तिकीट तपासणारा ऐकून घेत नाही.

आता फिरणं. आठ दिवसांत पाच देश हा प्रकार मला पटत नाही. पॅरिस-आम्सटरडॅम-प्राग करून आलेल्यांच्या फोनमध्ये स्टेशनांचेच फोटो जास्त असतात. आणि एक आतली गोष्ट: हॉस्टेल, लॅब आणि सुपरमार्केट यापलीकडचं ड्रेस्डेन मीही फारसं पाहिलं नव्हतं. नवीन आलेल्या बहुतेकांचं असंच चालतं. मित्र आला की निदान आपण बाहेर पडतो.

फ्राउएनकिर्श हे चर्च फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलं, ढिगारा कित्येक दशकं तसाच होता आणि 2005 मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. फिकट दगडांत मधूनमधून काळे दगड दिसतात ते जुने. स्टेशनकडून येताना मशिदीसारखा घुमट आणि मनोरा दिसतो ती मशीद नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची सिगारेटची फॅक्टरी आहे.

खरी बघायची गोष्ट राजवाड्यातल्या ग्रीन व्हॉल्ट या खजिन्याच्या संग्रहालयात आहे. इथे दोन दालनं आहेत, ऐतिहासिक आणि नवं. गर्दी ऐतिहासिक दालनाला असते. आपण नव्यात जायचं, कारण तिथे औरंगजेबाचा दरबार मांडलाय. योहान मेल्खिओर डिंगलिंगर या सोनाराने 1701 ते 1708 या काळात सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याच्यासाठी तो घडवला: बादशहाचा वाढदिवस, सिंहासन, हत्ती, उंट, नजराणे घेऊन आलेले सरदार, सोन्याच्या आणि मिन्याच्या शंभरहून जास्त मूर्ती, त्यावर हजारो हिरे. डिंगलिंगर हिंदुस्थानात कधी आला नव्हता. प्रवाशांची वर्णनं वाचून त्याने सगळं कल्पलं, म्हणून काही माणसं सरळ चिनी वाटतात. आणि हे काम चालू असतानाच, 1707 मध्ये, खरा औरंगजेब अहमदनगरला वारला. माझ्या मित्राला बऱ्हाणपूर म्हणजे बाजाराचं गाव. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला तेव्हा खान्देश मोगलांकडे गेला आणि बऱ्हाणपूर त्या सुभ्याचं ठाणं झालं, हे त्याला शाळेपासून ठाऊक. काचेला नाक लावून तो हत्ती मोजत बसला. "आपल्याकडून वसूल केलेला सारा इथे दिसून राहिला," म्हणाला. ऐतिहासिकदृष्ट्या हे बरोबर नाही, हिरे राजाच्या पैशाचे. पण मी वाद घातला नाही. राजवाडा मंगळवारी बंद असतो. विद्यार्थी ओळखपत्रावर आपल्याला सवलत मिळते, त्याला पूर्ण तिकीट.

दुसरा आख्खा दिवस एल्ब नदीसाठी ठेवा. एस-1 गाडी नदीच्या काठाकाठाने जाते. राथेनला उतरायचं, होडीने पलीकडे जायचं. या होडीला इंजिनाचा जोर लागत नाही. लांब दोराला बांधलेली असते आणि नदीच्या प्रवाहानेच सरकते. वर चढलं की बास्टाय पूल, 1851 चा दगडी, एल्बपासून जवळजवळ 200 मीटर उंचीवर. सप्टेंबरात सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी.

तिथून पुढे बाड शांडाऊला गाडी बदलून झेक हद्दीतलं देचिन गाठता येतं. पलीकडच्या तिकिटाचं आधी तपासून घ्या, आणि मुख्य म्हणजे दोघांनी पासपोर्ट जवळ ठेवा. आपण वर रेसिडेन्स परमिटचं कार्डही ठेवायचं. सीमेवर गाडीत पोलीस चढतात आणि पासपोर्टचा फोनमधला फोटो चालत नाही.

देचिनला जायचं ते हंगरस्टाइनसाठी, म्हणजे भुकेच्या दगडासाठी. एल्बच्या पात्रात हा खडक पाण्याखाली असतो. पाणी फार आटलं की वर येतो, आणि ज्या ज्या वर्षी आला त्या वर्षांचे आकडे लोकांनी त्यावर कोरून ठेवलेत. स्पष्ट वाचता येणारं सगळ्यात जुनं वर्ष 1616. खाली जर्मनमध्ये एक ओळ आहे, तिचा अर्थ: मला पाहिलंस तर रड. नदी आटली की पीक बुडालं, होड्या थांबल्या, धान्य महागलं. आम्ही गेलो तेव्हा वरचा भाग उघडा होता, आकडे अर्धवट दिसत होते. दरबारात बडबडणारा माणूस इथे काठावर बसून आकडे वाचत राहिला. मग 1972 च्या दुष्काळाचं बोलणं निघालं. त्याच्या आजोबांनी त्या वर्षी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली होती. आता त्यांच्याच शेतात ठिबक आहे आणि बोअर दरवर्षी खोल जातेय. तापीच्या पात्रात असा दगड असता तर कोणती वर्षं कोरली असती, यावर आमची गाडी चुकली. पुढची तासाभराने होती. जाण्याआधी पाण्याची पातळी इंटरनेटवर बघा, पाऊस झाला असेल तर दगड दिसणार नाही.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी सामान भरून ठेवा. रिकाम्या बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट परत मिळतात, आणि सुपरमार्केटमधलं बाटल्या गिळणारं मशीन हे रावेरवाल्याचं ड्रेस्डेनमधलं सगळ्यात आवडतं ठिकाण ठरलं.

परतीची एक गोष्ट बरेच जण विसरतात. युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्याला जर्मनीत एका बिलावर 50 युरोंपेक्षा जास्त खरेदी केली तर टॅक्स परत मागता येतो. आपल्याला नाही, कारण आपण इथले रहिवासी. त्याला मिळतो. दुकानात टॅक्स-फ्री फॉर्म मागायचा, पासपोर्ट दाखवायचा आणि विमानतळावर कस्टमचा शिक्का घ्यायचा. त्याने छाटणीच्या दोन कात्र्या आणि कलमाची सुरी घेतली होती. धारदार वस्तू केबिनमध्ये नेता येत नाहीत, त्या चेक-इनच्या बॅगेतच जाणार. पण कस्टमवाला वस्तू दाखवा म्हणू शकतो. म्हणून काउंटरवर आधी सांगायचं, टॅग लावून घ्यायचा, बॅग परत घेऊन कस्टमकडे जायचं, शिक्का मिळाला की तिथेच ती जमा करायची. यात अर्धा-पाऊण तास जातो, तेवढं लवकर निघा.