परदेशातले शनिवार-रविवार: कोल्हापूरहून जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांसाठी

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज या भागांतून उच्च शिक्षणासाठी जर्मनीत जाणाऱ्या मुलामुलींची तयारी प्रवेशपत्र, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाची रक्कम आधी भरून ती दरमहा ठरावीक हप्त्याने मिळणारे खाते) आणि सामान यांभोवतीच फिरते, आणि ते योग्यही आहे. मात्र तिथे पोहोचल्यावर दर आठवड्याला हाती येणाऱ्या दोन मोकळ्या दिवसांचे काय करायचे, याचा विचार करून निघालेला विद्यार्थी क्वचितच भेटतो. मग काहींचे पहिले सत्र खोलीत बसून घरी व्हिडिओ कॉल करण्यात जाते, तर काही जण पॅरिस, प्राग आणि ॲमस्टरडॅम दोन महिन्यांत उरकतात आणि त्यातले काहीच त्यांच्या मनात राहत नाही. मी जर्मनीच्या पश्चिम सीमेवरील आखेन शहरात शिकत असताना हे दोन्ही प्रकार जवळून पाहिले. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, पहिल्या सत्रात जवळची ठिकाणे सावकाश पाहावीत आणि जे पाहिले ते त्याच संध्याकाळी लिहून काढावे. नव्या देशाचे नवेपण फार लवकर सरते. ऑक्टोबरमध्ये ज्या गोष्टीपाशी आपण थबकतो, ती जानेवारीत डोळ्यांना दिसतही नाही.

सुरुवात तिकिटापासून करावी, कारण पहिल्या सत्रातील बहुतेक प्रवास त्यावरच ठरतो. बऱ्याच विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच डॉइचलांड-तिकिटाची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती मिळते. हे तिकीट मे 2023 मध्ये महिना 49 युरो दराने सुरू झाले. पुढे त्याची किंमत 58 आणि मग 63 युरो झाली, तरी विद्यार्थ्याला ते चालू किमतीच्या साधारण साठ टक्क्यांत पडते. या तिकिटावर देशभरातील शहर-बस, ट्राम, मेट्रो आणि आरई, आरबी, एस-बान या प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र ते सहसा चालत नाही, आणि चुकीच्या गाडीत सापडल्यास किमान 60 युरो दंड बसू शकतो. तिकीट मोबाइलवर असले तरी फोटो असलेले ओळखपत्र जवळ हवे. आणखी एक बाब नवख्याला कोणी सांगत नाही: काही गाड्या वाटेतल्या स्थानकावर दुभंगतात, पुढचे डबे एका गावाला जातात आणि मागचे दुसऱ्या. म्हणून फलाटावरच्या फलकावर केवळ गाडीचा क्रमांक पाहून चढू नये, आपला डबा कोणत्या गावाचा आहे तेही वाचावे.

रुळांची दुरुस्तीची कामे बहुधा शनिवार-रविवारीच काढली जातात आणि त्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस सोडली जाते. ती बस स्थानकाच्या नेमक्या कोणत्या बाजूला थांबते हे शोधण्यातच वीस मिनिटे जातात. त्यामुळे शुक्रवारी रात्री रेल्वेच्या ॲपवर जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही मार्ग पुन्हा एकदा पाहून घ्यावेत. परतीसाठी शेवटची गाडी कधीही धरू नये. तिच्या आधीची गाडी ठरवावी आणि शेवटची अडीअडचणीसाठी राखून ठेवावी.

कागदपत्रांचे काम एकदा नीट समजून घेतले की त्याची धास्ती राहत नाही. जर्मनीचा विद्यार्थी-व्हिसा किंवा रहिवास परवाना असलेल्याला शेंगेन क्षेत्रातील (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील) इतर देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येते. ब्रिटन आणि आयर्लंड या क्षेत्रात नाहीत, हे स्वस्त विमानतिकीट दिसताच विसरले जाते. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. त्यामुळे सीमेपलीकडे केवळ तासाभरासाठी जायचे असले तरी मूळ पासपोर्ट आणि परवान्याचे कार्ड सोबत असावे, मोबाइलमधील फोटोवर विसंबू नये. परवाना अजून हाती आलेला नसून केवळ तात्पुरता कागद मिळाला असेल, तर देशाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी शहरातील परदेशी नागरिक कार्यालयात विचारून घ्यावे. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असले तरी युरोपीय संघात नाही, आणि संघातील मोफत रोमिंग तिथे प्रत्येक सिमकार्डावर मिळेलच असे नाही. गाडी सीमेवरील बासेल या स्विस शहरात शिरण्याआधी मोबाइल डेटा बंद करावा.

पैशांबाबत दोन शब्द. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो हाती येतात आणि त्यातूनच खोलीचे भाडे, आरोग्य विमा, किराणा आणि प्रवास भागवायचा असतो. ज्यांच्या घरच्यांनी शेतीवर किंवा दुकानावर कर्ज काढून ही रक्कम उभी केली आहे, त्यांना फिरण्यावर खर्च करताना अपराधी वाटते, आणि ते मला अगदी मनापासून समजते. अशा विद्यार्थ्याने सत्राच्या तिकिटात जेवढे बसते तेवढेच फिरावे. डबा सोबत असेल तर त्या दिवसाचा वेगळा खर्च जवळपास काहीच नसतो आणि पाहायला मिळते ते भरपूर असते.

कुठे जावे, हे प्रत्येकाच्या गावावर अवलंबून आहे, पण नियम एकच ठेवावा: पहिल्या सत्रात दोन तासांच्या अंतराबाहेर जाऊ नये. पाहुण्याला पन्हाळा अर्ध्या तासात दाखवून खाली आणले, तर त्याला सज्जाकोठीही आठवत नाही आणि अंबरखानाही, आणि युरोपातील शहरांचेही तसेच होते. पहिला शनिवार आपल्या स्वतःच्या गावासाठी द्यावा. आखेनचेच उदाहरण घ्या: तिथले कॅथेड्रल हे 1978 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेले जर्मनीतील पहिले स्थळ आहे आणि सम्राट शार्लमेनचे दफन तिथेच आहे, तरी दोन वर्षे तिथे शिकून ते आतून न पाहिलेले विद्यार्थी मला ठाऊक आहेत. त्यानंतर शहर-बसने नेदरलँड्समधील व्हाल्स या गावी जावे आणि तिथून टेकडी चढून जर्मनी, नेदरलँड्स व बेल्जियम यांच्या सीमा जिथे मिळतात तो दगड पाहावा. ही टेकडी जेमतेम 322 मीटर उंचीची असून मुख्य भूमीवरील नेदरलँड्सचा तोच सर्वोच्च बिंदू आहे. सह्याद्री पाहत वाढलेल्या मुलाला त्या देशाची सपाटी खऱ्या अर्थाने कळते ती इथे. तिसरा शनिवार मोन्शाउसाठी ठेवावा, कारण आयफेलच्या डोंगरांतील हे लाकडी चौकटींच्या घरांचे छोटे गाव बसने सहज गाठता येते. कलोन रेल्वेने तासाभरावर आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या 533 पायऱ्या दमून जाण्याआधी, म्हणजे सकाळीच चढाव्यात. 1248 मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम 1880 मध्ये पूर्ण झाले, म्हणजे आपल्या राजाराम कॉलेजची स्थापना झाली त्याच वर्षी.

हिवाळ्यात दिवसाचा हिशेब बदलतो. डिसेंबरमध्ये या भागात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून बाहेरची ठिकाणे दुपारी दोनपर्यंत संपवून उरलेला वेळ संग्रहालयात घालवावा. रविवारी मोठी दुकाने आणि सुपरमार्केट बंद असतात. केवळ बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात आणि मोठ्या स्थानकांतील दुकाने चालू असतात. त्यामुळे रविवारी निघायचे असेल तर शनिवारीच ब्रेड, फळे आणि दही आणून ठेवावे. चपातीच्या गुंडाळीला घरून आणलेली कांदा-लसूण चटणी लावली, की ती दिवसभर टिकते आणि थंडीत जीवात जीव आणते. चटणी व गूळ नेता येतो, पण भारतातून मांस किंवा दुधाचे पदार्थ प्रवासी सामानातून युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे, तेव्हा निरोप द्यायला आलेल्या मावशीने कितीही आग्रह केला तरी पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, बाटली भरून घ्यावी. स्थानकावरील स्वच्छतागृहाला बहुधा एक युरो लागतो, म्हणून सुटी नाणी खिशात असावीत.

सोबत कोणाला घ्यावे, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. मराठी मुलांच्या गटात गेले की जिवाला आधार मिळतो, तो सुरुवातीच्या आठवड्यांत हवाच असतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र अशा सहलीत दिवसभर बोलणे पेठांचे, तालमींच्या फुटबॉलचे आणि रस्स्याचे होते, आणि समोरचे गाव पाठीमागे पडते. म्हणून अधूनमधून वसतिगृहातील एखाद्या जर्मन किंवा इतर देशातील सहाध्यायाबरोबर जावे, आणि महिन्यातून एखादा शनिवार पूर्ण एकट्याने घालवावा. एकटा माणूस फलक वाचतो आणि रस्ता विचारतो. विचारताना मोडकी का होईना, त्याला जर्मन बोलावी लागते.

आता नोंदींविषयी, कारण माझ्या मते प्रवासाचा निम्मा लाभ त्यांत आहे. साधी शंभर पानी वही घ्यावी. परतीच्या गाडीत किंवा खोलीवर पोहोचताच, जेवणाच्या आधी, अर्धा तास लिहावे. ‘खूप सुंदर’, ‘एकदम शिस्तबद्ध’, ‘आपल्याकडे असे नाही’ हे शब्द वहीत येऊ देऊ नयेत, कारण वर्षभराने वाचताना त्यांतून काहीच दिसत नाही. त्याऐवजी एकच गोष्ट निवडून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहावी. उदाहरणार्थ, सुपरमार्केटच्या दाराशी भिंतीत एक गोल भोक असलेले यंत्र असते. पुढे उभे असलेले आजोबा कापडी पिशवीतून एकेक रिकामी प्लास्टिकची बाटली त्यात सरकवतात, बाटली आत स्वतःभोवती फिरते, पडद्यावर 25 सेंट उमटतात आणि भिंतीमागून ती चेपल्याचा आवाज येतो. पिशवी रिकामी झाल्यावर आजोबा बटण दाबतात, छापील चिठ्ठी निघते आणि ती काउंटरवर देऊन ते बिलातून तेवढे पैसे वजा करून घेतात. एवढे लिहिले, की रस्त्यावर बाटल्या का पडलेल्या नसतात आणि स्थानकावरील कचरापेटीत हात घालून त्या शोधणारी माणसे का दिसतात, ही दोन्ही उत्तरे त्यातच मिळतात. ‘जर्मन लोक स्वच्छताप्रिय आहेत’ या वाक्यात यांपैकी एकही उत्तर नाही.

प्रत्येक पानाच्या उजवीकडे तीन बोटे समास मोकळा सोडावा. पहिला ठसा खरा असतो, पण तो अपुरा असतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच पानावर तारीख घालून पुढचे लिहिता आले पाहिजे. पहिल्या रविवारी बहुतेक जण लिहितात की गाव ओस पडलेले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. त्याच विद्यार्थ्याने नोव्हेंबरमध्ये दुपारी गावाबाहेरच्या जंगलात फेरी मारली, तर तिथे आजी-आजोबा, लहान मुले आणि कुत्री यांच्यासह अख्खे गाव चालताना भेटते. मूळ ओळ खोडू नये, नवी ओळ समासात लिहावी, कारण या दोन ओळींमधील अंतर म्हणजेच आपण त्या समाजाला किती ओळखू लागलो याची खूण आहे.

काय पाहावे, याबाबत आपल्याकडे चांगला दाखला आहे. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांना कुस्तीच्या खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे कोल्हापुरात सांगितले जाते, आणि खासबागेत कोठेही बसले तरी मधला हौदा स्पष्ट दिसतो याचा अनुभव प्रत्येक कोल्हापूरकराने घेतला आहे. विद्यार्थ्यानेही इमारतीचा फोटो काढून पुढे जाण्याऐवजी ती कशी चालते ते पाहावे: आठवडी बाजारात उरलेल्या भाजीचे काय होते, बस थांब्याकडे झुकून व्हीलचेअर कशी आत घेते, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि तिथे कोण येऊन बसते. अभियांत्रिकीच्या मुलांना तर यात वर्गातल्याइतकेच शिकायला मिळते.

घरच्यांना निघण्यापूर्वी ठिकाण, सोबत आणि परतीची वेळ कळवावी. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत साडेतीन तास पुढे असतो आणि उरलेल्या काळात साडेचार तास. हिवाळ्यात तिथल्या संध्याकाळी सहाला फोन केला तर कोल्हापुरात साडेदहा वाजलेले असतात आणि आई जागी राहून वाट पाहत असते, तेव्हा पोहोचल्याचा निरोप पाचच्या आत द्यावा. अडचणीत संपूर्ण युरोपीय संघात 112 हा क्रमांक लागतो, तो घरच्यांनाही माहीत असावा.

दूरचे प्रवास दुसऱ्या सत्रात, जोडून आलेल्या सुट्ट्यांना करावेत: ईस्टरचे चार दिवस किंवा मे-जूनमधील गुरुवारच्या सणाला जोडलेला शुक्रवार. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या 26 वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश मोफत असतो, त्यासाठी रहिवास परवान्याचे कार्ड दाखवावे आणि वेळ आधी आरक्षित करावी. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने मात्र एक लांबचा प्रवास इटलीतील फ्लॉरेन्सचा ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये वयाच्या विशीत युरोपला गेले, रोज दैनंदिनी लिहीत राहिले आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. खास परवानगीने आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले, 1874 मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला, आणि त्यांची दैनंदिनी 1872 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली होती. हे स्मारक कॅशिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला आहे. शहराच्या बाजूने उद्यानात शिरून नदीकाठाने सरळ चालत राहिल्यास साधारण पाऊण तास लागतो. जवळच्या पुलाला आणि परिसराला ‘इंदियानो’ (म्हणजे ‘भारतीय’) हेच नाव असल्याने वाट विचारताना तेवढा शब्द पुरतो. फ्लॉरेन्समधील उफिझी हे कलासंग्रहालय सोमवारी बंद असते आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतील सरकारी संग्रहालये मोफत असल्याने तिथे मोठी रांग लागते, त्यामुळे उफिझी शनिवारी पाहावे आणि रविवारची सकाळ कॅशिनेसाठी ठेवावी.