हाड भरायच्या ऑपरेशनआधी घरच्यांनी करायची तयारी

धाकट्या भावाची नडगी आठ महिने झाले तरी जुळेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोन ग्राफ्ट करू. आम्ही माना डोलावल्या आणि घरी येऊन एकमेकांना विचारलं, म्हणजे काय? तर न जुळलेल्या जागी हाड किंवा हाडाच्या जागी चालणारा माल भरणं, म्हणजे बोन ग्राफ्ट. तुमची तशी फजिती नको, म्हणून हे.

फाईल आधी लावा, मग ऑपरेशन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात असो की राजारामपुरीतल्या खासगीत. एक्स-रे तारखेवार, जुनं डिस्चार्ज कार्ड, बसवलेल्या रॉडचं किंवा प्लेटचं स्टिकर.

मग खरा प्रश्न विचारा : हाड आणणार कुठून? बहुतेक वेळा ते स्वतःचंच, कमरेच्या कडेचं घेतात. त्यात जिवंत पेशी असतात, म्हणून ते सगळ्यांत भरवशाचं. पण जखमा दोन होतात, हे आम्हाला कुणी ठळक सांगितलं नव्हतं. भाऊ पायाचं नावही घेत नव्हता, चार दिवस कंबर धरून होता. संमतीपत्रात कमरेचा उल्लेख आहे का, ते वाचूनच सही करा. दात्याचं हाड वापरणार असतील तर ते टिश्यू बँकेतून, गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊन येतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलची अशी बँक 1988 पासून आहे. ऑपरेशनची तारीख पक्की करण्याआधी ते हातात येईल का, हे विचारून घ्या.

तिसरा पर्याय हाडाऐवजी भरायच्या, कारखान्यातल्या दाण्यांचा. हा दोडक्याचा मांडव समजा. नव्या हाडाची वेल शरीरानंच चढवायची. कॅल्शियम सल्फेट म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचंच भावंड, काही आठवड्यांत विरघळतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटला बरेच महिने लागतात, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट तर वर्षानुवर्षं एक्स-रेत दिसतं. सल्फेट वापरलं तर कधीकधी जखमेतून पांढुरकं पाणी झिरपतं. ते पूच असेल असं नाही, पण घरी अंदाज बांधत बसू नका, दाखवून या. काही मालात गाईचं हाड किंवा कोलॅजन असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच सांगावं, टेबलावर गेल्यावर नव्हे. आणि महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसलं तरी हा माल त्यात धरलाय का, ते वेगळं विचारा.

तंबाखूचं काय? आमच्याकडं मिसरीला व्यसन म्हणतच नाहीत. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्त पोचलं नाही तर उत्तम ग्राफ्टही वाया. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंदच. चुना मळून देणाऱ्या मित्रांनाही बजावून ठेवा. साखर तपासा, ड जीवनसत्त्व तपासा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका. मटणाचा रस्सा खुशाल प्या, पण त्यातलं हाड नडगीत जात नाही; अंडी, डाळ, दूध रोज पोटात जाऊ दे. हाडवैद्याचा लेप मात्र नको, कातडी सोलली तर तारीख पुढं जाते.

आदल्या रात्री घरी वस्तरा फिरवू नका, केस काढायचे ते दवाखान्यात काढतील. उपाशी किती तास राहायचं ते भूलतज्ज्ञच सांगतील. साधारण सहा तास अन्न बंद.

पिशवीत वॉकर-कुबड्यांच्या जोडीला दोन लुंग्या टाका. पायजम्याची नाडी नेमकी कमरेच्या टाक्यांवर येते.